एकोणिसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञांची पत्रे कशी वाचायची

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात की 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सोबत एक गोष्टही सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. युद्धखात्यात कारकुनी करणारे हे हौशी खगोलशास्त्रज्ञ आपण मागवलेल्या वर्णपटदर्शकाची (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राची) वाट पाहत होते, आणि तो हातात पडला ऑक्टोबर उजाडल्यावर. विजयदुर्गाला ते आले ते तब्बल तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

याचा पुरावा पत्रांत आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या २६ ऑक्टोबर १८६८ च्या बैठकीत दोन पत्रे पुढे आली. एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी भारतातून धाडलेले; त्यांनी ग्रहण गुंटूरला पाहिले होते. दुसरे लॉकियर यांचे, २० ऑक्टोबरला लंडनमध्ये ग्रहणाविनाच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिल्याचे. दोघांनी एकमेकांना न विचारता तीच युक्ती शोधली होती. अकादमीने दोघांनाही श्रेय दिले आणि पुढे दोघांच्या प्रतिमा असलेले एकच पदक काढले गेले.

अशी पत्रे स्वतः वाचून पाहावीत असे ज्यांना वाटते, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इतिहासाची पदवी लागत नाही. इंग्रजी नीट वाचता यायला हवे, फ्रेंच-जर्मनचा तोंडओळखीपुरता आधार असला तर उत्तम, आणि आकडेमोडीचा कंटाळा नसावा.

पहिली पायरी: प्रश्न छोटा करा

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. 'इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा पत्रव्यवहार वाचायचा' असे ठरवून बसतात. हर्शेल यांच्या पत्रव्यवहाराच्या सूचीत चौदा हजारांहून अधिक पत्रांची नोंद आहे. डार्विन यांची लिहिलेली आणि त्यांना आलेली मिळून पंधरा हजारांच्या आसपास. ती संपादित करून छापण्याचा प्रकल्प १९७४ मध्ये सुरू झाला आणि तीस खंड पुरे व्हायला २०२२ साल उजाडले. एवढ्या ढिगात हौसेने उडी मारणारा माणूस दोन महिन्यांत बाहेर येतो आणि परत फिरकत नाही.

त्याऐवजी दोन किंवा तीन माणसे घ्या, एक घटना घ्या आणि काही आठवड्यांचा काळ घ्या. 'नेपच्यूनचा शोध' हा प्रश्न नव्हे. 'नेपच्यूनची जागा गणिताने सांगणाऱ्या फ्रान्सच्या ल वेरियेचे पत्र बर्लिनला पोचल्यापासून ती बातमी लंडनला कळेपर्यंत कोणी कोणाला काय लिहिले' हा प्रश्न आहे. सुरुवातीला हाताशी धरण्याजोगी आणखी दोन-तीन प्रकरणे: १८६८ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमधले हेलियमचे, १८४७ मधले मारिया मिचेल यांच्या धूमकेतूचे, १८७२ च्या डिसेंबरातले गटिंगेनहून मद्रासला तार करून धूमकेतू शोधल्याचे. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी शेवटचे सुचवीन. त्यात कागद थोडे आणि गंमत भरपूर.

दुसरी पायरी: पत्रे आहेत कुठे

तीन ठिकाणी शोधायचे, आणि याच क्रमाने.

आधी त्या काळची नियतकालिके. तेव्हाची विज्ञाननियतकालिके बरीचशी पत्रांवरच चालत. हाइनरिश शूमाखर यांनी १८२१ मध्ये अल्टोनाहून 'आस्ट्रोनोमिशे नाखरिश्टेन' सुरू केले. त्यात युरोपभरातून संपादकाला आलेली पत्रे जवळपास जशीच्या तशी छापली जात. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे 'मंथली नोटिसेस' आणि पॅरिस अकादमीचे 'कोंत रांदू' हीदेखील अशा पत्रांनी भरलेली आहेत. पहिल्या दोहोंची जुनी पाने नासाच्या एडीएस या संग्रहात फुकट पाहता येतात. 'कोंत रांदू' फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका'वर आहे.

यातल्या काही पत्रांचे मोल एखाद्या शोधनिबंधाएवढे आहे. ताऱ्याचे अंतर पहिल्यांदा पटण्याजोगे मोजले गेल्याची बातमी इंग्लंडने वाचली ती पत्रातूनच. क्योनिग्सबेर्गहून फ्रिडरिश बेसेल यांनी २३ ऑक्टोबर १८३८ रोजी जॉन हर्शेल यांना लिहिले, की हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा सरकल्यासारखी दिसते तो कोन) ०.३१३६ विकला आहे; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. 'मंथली नोटिसेस'मध्ये ते पत्र म्हणूनच छापले आहे, वर पत्राची तारीख आणि कोणाला लिहिले त्या नावासकट.

त्यानंतर पुस्तकरूपाने छापलेले संग्रह. गाउस-शूमाखर, गाउस-बेसेल, ओल्बर्स-बेसेल यांचे जर्मन खंड एकोणिसाव्या शतकातच निघाले आणि इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. मायकेल फॅरेडे यांच्या पत्रांचे सहा खंड अलीकडचे.

मूळ हस्तलिखितांकडे वळायचे ते सगळ्यात शेवटी. केंब्रिजहून चालणारी 'एप्सिलॉन' ही ऑनलाइन सूची अनेक संस्थांतली एकोणिसाव्या शतकातली वैज्ञानिक पत्रे एकत्र दाखवते. नाव आणि वर्ष टाकले की कोणी, कोणाला, कधी लिहिले आणि तो कागद आज कुठे आहे ते कळते. कित्येक ठिकाणी सारांश किंवा पूर्ण मजकूरही मिळतो. ग्रीनिच वेधशाळेचे कागद केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यातला जॉर्ज एअरी यांचा भाग प्रचंड, कारण १८३५ ते १८८१ ते तिथले प्रमुख होते आणि एकही चिठोरे फेकून देत नसत. त्यांच्या या सवयीची सहकारी टिंगल करत. आपल्यासारख्यांनी मात्र त्यांचे आभारच मानायला हवेत.

तिसरी पायरी: तारीख नीट वाचा

या पायरीला घाई करू नका. पत्राच्या डोक्यावरची तारीख वाचणे सोपे वाटते आणि तिथेच सगळी गणिते चुकतात.

पहिली अडचण रशियाची. तिथे जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते आणि एकोणिसाव्या शतकात ते आपल्या आजच्या कॅलेंडरच्या बारा दिवस मागे होते. डोर्पाट किंवा पुलकोवोहून येणाऱ्या पत्रांवर म्हणून पुष्कळदा दोन तारखा दिसतात. पुलकोवो वेधशाळेचे उद्घाटन ७/१९ ऑगस्ट १८३९ ला झाले, असे लिहितात ते यामुळेच. एकच तारीख असेल तर ती जुनी की नवी, हे आधी ठरवा. शतकाच्या अगदी सुरुवातीच्या फ्रेंच पत्रांवर क्रांतीनंतरचे कॅलेंडर भेटते. १८०६ पासून ते बंद झाले.

दुसरी अडचण खगोलशास्त्रज्ञांनी स्वतःच केलेली. त्यांचा दिवस दुपारी बारापासून सुरू होई. रात्रभर वेध घेताना मध्येच तारीख बदलू नये म्हणून ही सोय होती आणि ती १९२५ पर्यंत टिकली. त्यामुळे वेधाच्या नोंदीत '२ डिसेंबर, १७ तास' असे असेल तर घरातल्या कॅलेंडरप्रमाणे ती ३ डिसेंबरची पहाट, पाच वाजताची. त्याच पत्राच्या वरची तारीख मात्र लोकव्यवहाराची असते. एकाच कागदावर दोन पद्धती! शोध 'आदल्या दिवशी' लागला की 'दुसऱ्या दिवशी' यावरचे काही वाद निव्वळ एवढ्यावरून उभे राहतात.

तिसरी, वेळ कुठली? १८८४ ची वॉशिंग्टनची परिषद होईपर्यंत जो तो आपापल्या वेधशाळेची वेळ लिहीत होता. बर्लिन ग्रीनिचच्या सुमारे ५४ मिनिटे पुढे, मद्रास ५ तास २१ मिनिटे पुढे. पत्रात 'माध्य वेळ' एवढेच असेल तर ती लिहिणाऱ्याच्या गावची धरावी.

आणि शेवटची किरकोळ गोष्ट. इंग्रजी पत्रांत '५ इन्स्टंट' म्हणजे याच महिन्याची ५ तारीख, '५ अल्टिमो' म्हणजे गेल्या महिन्याची. पत्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले असेल तर या शब्दाकडे दोनदा पाहा.

चौथी पायरी: टपालाचा रस्ता शोधा

तारीख ठरली की विचारा: हे पत्र पोचले कधी? लिहिल्याच्या तारखेइतकीच पोचल्याची तारीख मोलाची, कारण उत्तर देणाऱ्याला तोवर काय ठाऊक होते आणि काय नव्हते ते तिच्यावर ठरते. पोचल्याची तारीख कधी टपालाच्या शिक्क्यावर मिळते, कधी घेणाऱ्याने पाठीवर केलेल्या नोंदीत, कधी उत्तराच्या पहिल्या ओळीत: 'आपले अमुक तारखेचे पत्र काल मिळाले.'

हा उशीर केवढा असे ते पाहायचे तर पियाझी यांचे उदाहरण घ्या. १ जानेवारी १८०१ ला पालेर्मोत जुझेप्पे पियाझी यांना सेरेस हा लघुग्रह दिसला. २४ जानेवारीला त्यांनी बर्लिनला खगोलशास्त्रज्ञ बोडे यांना पत्र टाकले. ते पोचले २० मार्चला, म्हणजे पंचावन्न दिवसांनी. युरोपात युद्धे चालू होती, टपाल कसेबसे जात होते. तोवर सेरेस सूर्याच्या प्रकाशात बुडून दिसेनासा झाला होता. जर्मन गणिती गाउस यांना कक्षेचे गणित करावे लागले ते या उशिरामुळे, आणि वर्षाअखेरीस त्या गणिताच्या जोरावरच तो पुन्हा सापडला. शूमाखर यांनी वीस वर्षांनी पत्रांचे नियतकालिकच का काढले असेल, हे इथे लक्षात येते.

इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्यावर पडे, आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर मोजला जाई. पाकीटसुद्धा एक कागद म्हणून मोजत, म्हणून लोक पत्राचाच कागद घडी घालून मेणाने बंद करत आणि पत्ता बाहेरच्या बाजूला लिहीत. कागद वाचवायला काही जण उभे लिहून झाल्यावर तोच कागद फिरवून आडवे लिहीत. अशा पत्राशी गाठ पडली की कागद फिरवून फिरवून एका दिशेच्या ओळी आधी पुऱ्या उतरवून घ्याव्यात. जानेवारी १८४० पासून अर्धा औंस वजनापर्यंत देशभर एक पेनी हा दर आला, मे महिन्यात तिकीट आले, आणि शास्त्रज्ञांची पत्रे एकदम वाढली. त्यातली पुष्कळशी चार ओळींची आहेत. ती वगळायचा मोह होतो, वगळू नका. 'उद्या येतो' एवढेच लिहिलेली चिठ्ठी माणूस कुठे होता ते सांगते.

भारतातले पत्र १८६८ मध्ये सुएझपर्यंत बोटीने, तिथून आगगाडीने अलेक्झांड्रियाला आणि पुन्हा बोटीने जाई. कालवा उघडला नोव्हेंबर १८६९ मध्ये. इंग्लंडला पोचायला सुमारे महिना लागे. आता हेलियमच्या प्रकरणाचे गणित मांडा. ग्रहण १८ ऑगस्टला, जान्सेन यांचे सप्टेंबरात लिहिलेले पत्र अकादमीपुढे आले २६ ऑक्टोबरला: एकोणसत्तर दिवस. लॉकियर यांचा वेध २० ऑक्टोबरचा: सहा दिवस. दोन महिन्यांचा फरक टपालाने पुसून टाकला. दोन्ही पत्रे काही मिनिटांच्या अंतराने पोचली, असे रंगवून सांगतात. तेवढ्या बारकाव्यात शिरायची गरज नाही, एकाच बैठकीत ती पुढे आली हे पुरेसे आहे. लॉकियर यांचे पत्रही थेट गेले नव्हते. त्यांनी इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ वॉरन डी ला रू यांना लिहिले आणि ते पुढे पॅरिसला गेले. म्हणून तुमच्या नोंदीत 'लिहिणारा' आणि 'घेणारा' यांच्या जोडीला 'कोणामार्फत' हाही रकाना ठेवा.

तर ही नोंदवही. साध्या स्प्रेडशीटमध्ये सात रकाने पुरतात: लिहिल्याची तारीख (आजच्या कॅलेंडरप्रमाणे), मूळ तारीख जशीच्या तशी, कोणाकडून, कोणाला, कोणामार्फत, पोचल्याची तारीख, आणि कागद कुठे आहे त्याचा क्रमांक. विषयाचा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही. तो ठेवला की माणूस पत्र वाचायच्या ऐवजी रकाना भरतो.

आणि तारायंत्र? १८७२ चे प्रकरण याच जागी वाचा. २७ नोव्हेंबरच्या रात्री युरोपात उल्कांचा पाऊस पडला. हे बीला नावाच्या तुटलेल्या धूमकेतूचे अवशेष असणार, असे गटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांनी ताडले. धूमकेतू पृथ्वीला घासून गेला असेल तर तो आता दक्षिणेच्या आकाशात दिसायला हवा. त्यांनी मद्रास वेधशाळेच्या नॉर्मन पॉग्सन यांना तार केली: बीलाने २७ ला पृथ्वीला स्पर्श केला, थीटा सेंटॉरी या ताऱ्याजवळ शोधा. रशियामार्गे ती १ तास ३५ मिनिटांत मद्रासला पोचली. दोन रात्री ढगांनी खाल्ल्या, मग पॉग्सन यांना तिथे खरोखरच एक धूमकेतू दिसला! पुढे गणित केल्यावर तो बीला नव्हता असे दिसले, ही त्यातली मजा. तारेचा मजकूर एका ओळीचा. पण तिच्यामागचा तर्क आणि तिच्यानंतरचा वाद वाचायला नियतकालिकांत छापलेली पत्रेच उघडावी लागतात. तारा आल्या म्हणून पत्रे थांबली नाहीत.

पाचवी पायरी: अक्षर लावणे

छापील पत्रांवर काम करत असाल तर ही पायरी तूर्त सोडून द्या. हस्तलिखितावर आलात तर आधी त्याच माणसाचे एक छापून आलेले पत्र आणि त्याचे मूळ हस्तलिखित शेजारी ठेवून वाचा. पंधरा-वीस ओळींत त्याची अक्षरे ओळखीची होतात. जर्मन पत्रांत 'कुरेंट' नावाची जुनी लिपी असते. तिची मुळाक्षरे वेगळी शिकावीच लागतात, त्याला तोड नाही. मोडी वाचलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

उतरवताना स्पेलिंग सुधारू नका, खोडलेला शब्द खोडलेला म्हणूनच दाखवा, न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंस सोडा. ट्रान्सक्रिबससारखी साधने हस्ताक्षर वाचून देतात आणि गद्यासाठी बरी आहेत. आकडे मात्र त्यांच्यावर सोपवू नयेत. ३ आणि ८ यांची गल्लत झाली की धूमकेतू आकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातो.

आकड्यांचेच आणखी एक. ब्रिटिश लोक क्रांतीऐवजी (आकाशातल्या विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराऐवजी) पुष्कळदा 'उत्तर ध्रुवांतर' देत, म्हणजे उत्तर ध्रुवापासूनचे अंतर. ते नव्वदातून वजा केले की क्रांती मिळते. आणि ल वेरिये यांनी आपल्या ग्रहाची जागा ३२६ अंश ३२ कला अशी सांगितली होती, ते सूर्यावरून पाहिलेले भोगांश (क्रांतिवृत्तावर मोजलेला कोन) आहेत, विषुवांश (आकाशातल्या विषुववृत्तावर मोजलेला कोन) नव्हेत. आकडा दिसला की तो कशाचा आहे हे समासात लिहून ठेवण्याची सवय लावा.

कॉपिंग प्रेसच्या प्रतीही भेटतील. ओली शाई पातळ कागदावर दाबून काढलेली ही नक्कल असते आणि ती पलीकडच्या बाजूने वाचायची असते. पाठवलेले मूळ पत्र हरवले असले तरी पाठवणाऱ्याकडे ही नक्कल उरते, म्हणून ती शोधत राहावी.

सहावी पायरी: न आलेले उत्तर

नेपच्यूनचे प्रकरण सगळ्यांना तोंडपाठ असते: इंग्लंडमध्ये तरुण जॉन अ‍ॅडम्स यांनी गणित केले, एअरी यांनी लक्ष दिले नाही, फ्रान्सच्या ल वेरिये यांनी बाजी मारली. आता तेच पत्रांतून पाहा.

ऑक्टोबर १८४५ मध्ये अ‍ॅडम्स ग्रीनिचला गेले; भेट आधी ठरवलेली नव्हती आणि ती झालीही नाही. आपल्या गणिताचा निकाल लिहिलेला एक कागद ते ठेवून आले. ५ नोव्हेंबरला एअरी यांनी त्यांना पत्र लिहिले आणि विचारले: तुमच्या या ग्रहाने युरेनसच्या सूर्यापासूनच्या अंतरातली चूकही सुटते का? म्हणजे एअरी यांनी लक्ष दिले होते, उत्तरही दिले होते आणि प्रश्न विचारला होता. अ‍ॅडम्स यांनी त्या पत्राला उत्तर पाठवले नाही. उत्तराचा अर्धवट मसुदा पुढे घरच्या कागदांत सापडला.

मग पुढच्या वर्षी ल वेरिये यांचा निबंध पाहिल्यावर एअरी यांनी २६ जून १८४६ रोजी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. ल वेरिये यांनी दोनच दिवसांनी उत्तर लिहिले. केंब्रिजमध्ये जेम्स चॅलिस यांनी जुलैच्या अखेरीस शोध सुरू केला, ऑगस्टमध्ये ग्रह दोनदा टिपलाही, पण ओळखला नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला अ‍ॅडम्स यांनी सुधारलेले गणित एअरींना धाडले, तेव्हा एअरी परदेशात होते.

इकडे ल वेरिये यांना फ्रान्समध्ये दुर्बिणीवर बसायला कोणी मिळेना. बर्लिनच्या योहान गाले यांनी वर्षभरापूर्वी आपला प्रबंध त्यांना पाठवला होता आणि त्याची पोचही ल वेरिये यांनी दिली नव्हती. ती द्यायचे निमित्त करून १८ सप्टेंबरला त्यांनी गालेंना लिहिले, प्रबंधाची स्तुती केली आणि हळूच विनंती पुढे सरकवली. पत्र २३ ला पोचले. त्याच रात्री गाले आणि हाइनरिश डारेस्ट यांनी नवा तारानकाशा काढून आकाशाशी ताडून पाहिला आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत ग्रह सापडला. २५ ला गाले यांनी ल वेरियेंना कळवले, की आपण जागा दाखवलेला ग्रह खरोखरच आहे.

यातून नवख्याने उचलायच्या गोष्टी दोन. एक, दोन्ही बाजूंची पत्रे वाचल्याशिवाय मत बनवू नये. 'दुर्लक्ष केले' हा आरोप दुसऱ्या बाजूचे पत्र वाचले की कोसळतो. दोन, न आलेले उत्तर हीसुद्धा नोंद आहे. तुमच्या वहीत ५ नोव्हेंबर १८४५ च्या ओळीखाली एक रिकामी ओळ सोडा. एअरींचा प्रश्न अ‍ॅडम्सना क्षुल्लक वाटला, लाज वाटली की कंटाळा आला, यावर लोकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. मला विचाराल तर सव्वीस वर्षांच्या माणसाने ज्येष्ठाचे पत्र मेजावर पडू दिले आणि मग उत्तर लिहायची वेळ निघून गेली, इतके ते साधे असावे.

या फाइलचीही एक कथा आहे. एअरी यांनी नेपच्यूनचे सगळे कागद एकत्र बांधून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती फाइल ग्रीनिचच्या संग्रहातून गायब झाली. पूर्वी तिथे काम केलेले ऑलिन एगन १९९८ मध्ये वारले, तेव्हा ती चिलीमध्ये त्यांच्या सामानात सापडली. मधली तीसेक वर्षे अभ्यासकांना मुख्यतः एअरी यांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे वाचलेल्या आणि छापलेल्या हकिकतीवर भागवावे लागले. ती हकिकत पत्रांवरच रचलेली आहे, पण कोणती पत्रे घ्यायची ते एअरींनीच ठरवले होते, आणि तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार चालू होता.

सातवी पायरी: मायना आणि मध्यस्थ

इंग्रजी पत्रात नुसते 'सर' असेल तर ओळख नाही किंवा राग आहे. 'माय डियर सर' म्हणजे सभ्य अंतर. नुसते आडनाव, 'डियर एअरी', म्हणजे बरोबरीची दोस्ती. एकाच माणसाला लिहिताना मायना कधी बदलला याची तारीख टिपा. कित्येकदा मजकुरापेक्षा ती जास्त बोलते.

मध्यस्थ कोण होते, हेही पाहा. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावरच्या मारिया मिचेल यांना १ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री धूमकेतू दिसला. दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधणाऱ्याला डेन्मार्कच्या राजाने सुवर्णपदक ठेवले होते, पण अट अशी की शोध लागताच पहिल्या टपालाने ठरलेल्या खगोलशास्त्रज्ञांना कळवले पाहिजे. वडिलांनी ३ तारखेला हार्वर्डच्या विल्यम बाँड यांना लिहिले. युरोपला कळायला वेळ लागला. त्याच ३ तारखेला रोममध्ये दे विको यांनी तोच धूमकेतू पाहिला, आणि पदक त्यांनाच मिळणार असे दिसू लागले. मग हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांनी पत्रांवर पत्रे लिहून मिचेल यांची बाजू लावून धरली आणि १८४८ मध्ये पदक त्यांना मिळाले. या सगळ्या व्यवहारात स्वतः मिचेल यांची पत्रे फार थोडी आहेत. बायकांचे काम शोधत असाल तर वडील, भाऊ, नवरा आणि ओळखीचे प्राध्यापक यांच्या पत्रांतही डोकवावे लागते.

आठवी पायरी: गोष्ट आणि पत्र यांतले अंतर मोजा

आता परत हेलियमकडे. लॉकियर यांच्या २० ऑक्टोबर १८६८ च्या टिपणात तीन तेजस्वी रेषांचा उल्लेख आहे: एक (सूर्याच्या वर्णपटातल्या ठरावीक काळ्या रेषांना अक्षरांची नावे आहेत, त्यांतल्या) सी रेषेशी अगदी जुळणारी, एक एफ रेषेच्या जवळपास जुळणारी, आणि तिसरी डी रेषेजवळची. बस्स. हेलियम हे नाव तिथे नाही आणि नव्या मूलद्रव्याचा दावाही नाही. डीजवळची ती पिवळी रेषा कुठल्याच ठाऊक पदार्थाची नाही, हे नंतर ठरत गेले, नाव त्याच्याही नंतर आले, आणि पृथ्वीवर हेलियम पकडला तो विल्यम रॅमझी यांनी १८९५ मध्ये. जान्सेन यांच्या पत्राचा भर तर ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहायच्या पद्धतीवर आहे. '१८ ऑगस्ट १८६८ ला हेलियम सापडला' हे वाक्य म्हणून मागाहून शिवलेले आहे. विजयदुर्गचा दावा बाजूला ठेवला तरी तारीख आणि शोध यांची गाठ तशी सरळ नाही.

ही पायरी प्रत्येक प्रकरणात करायची: लोकप्रिय हकिकतीतले एकेक वाक्य घ्या आणि त्याच्यासमोर त्या तारखेपर्यंतचे पत्र ठेवा. ज्या वाक्यासमोर पत्र नाही त्याच्याखाली रेघ ओढा.

आपल्या जवळची पत्रे

लंडन-पॅरिसच्या कागदांवर हात बसला की इथल्यांकडे या. ते शोधायला कठीण आहेत, पण त्यांच्यावर काम फार थोडे झाले आहे. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वेध घ्यायला आलेले लेफ्टनंट जॉन हर्शेल हे सर जॉन हर्शेल यांचेच चिरंजीव. त्यांचा अहवाल रॉयल सोसायटीच्या प्रकाशनात छापलेला आहे. मद्रास वेधशाळेचे जुने कागद बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यातले बरेच ऑनलाइन दिसतात. पॉग्सन आणि सरकार यांची पैशांवरून, मदतनिसांवरून चाललेली लिखापढी तिथे वाचा. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. केरूनाना छत्रे तरुणपणी तिथेच आर्थर ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम शिकले. वेधशाळा सरकारी असल्यामुळे तिचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या दप्तरांत शोधावा लागतो, आणि ती दप्तरे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागाराकडे आहेत. जाताना खाते आणि वर्ष ठरवून जा. 'खगोलशास्त्र' असा विषय सांगून तिथे काहीही हाती लागत नाही.

पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे प्रकरण तर एखाद्या तरुण अभ्यासकाची वाट पाहत आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या वेधशाळेचे ते प्रमुख. १८९१ च्या 'मंथली नोटिसेस'मध्ये मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या मुख्य रेषेवर त्यांचा लेख आहे, आणि त्यातले निरीक्षण लॉकियर यांच्या लाडक्या उल्का-सिद्धांताच्या (तारे आणि तेजोमेघ उल्कांच्या थव्यांपासून बनतात, या मताच्या) विरोधात जाणारे होते. १८९८ च्या ग्रहणात लॉकियर विजयदुर्गावर, तर नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला. लॉकियर यांचे कागद इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात आहेत. सुरुवात करायची तर १८९७ आणि १८९८ ही दोनच वर्षे घ्या, 'मंथली नोटिसेस'मधले दोघांचे छापील मजकूर आधी उतरवून काढा, त्यातल्या तारखा नोंदवहीत चढवा, आणि मग एक्सेटरच्या अभिलेखागाराला नेमकी तारीख आणि नावे देऊन ईमेल करा. अभिलेखागारातली माणसे अशा नेमक्या विचारणेला उत्तर देतात. कागदाचा फोटो मिळाला तर तो छापायची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि संग्रहाचा क्रमांक तुमच्या लेखात प्रत्येक पत्राशेजारी लिहावा लागतो.